हैबतीचा फाका

हैबतीने फाका घालायचा का सोडला, याची उंबरकोंडात तीन कारणं सांगतात. घसा बसला, बायकोने शपथ घातली, पोलिसांनी दम भरला. तिन्ही साफ खोटी. घसा त्याचा शेवटपर्यंत असा होता की पल्याडच्या डोंगरावर चरणारी म्हैस एका हाकेत मान वर करायची. बायकोच्या शपथेला तो भीक घालणारा नव्हता. आणि पोलिसांनी दम भरला असता तर बरंच झालं असतं. मला हे ठाऊक आहे, कारण जे घडलं त्यातलं निम्मं माझ्या हॉटेलासमोर घडलं आणि उरलेलं निम्मं हैबतीने माझ्याच बाकड्यावर बसून मला सांगितलं. गाववाल्यांना कुणी विचारलं तर ते आधी तंबाखू मळतात आणि मग खोटं सांगतात.

माझं हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड. पोलादपूर सोडून आंबेनळीकडे निघालं की घाट लागायच्या आधी एक नाका आहे, तिथे. समोर पोलीस चौकी, तिला लागून शाळा. ट्रकवाले घाट चढण्याआधी थांबतात, चहा पितात, रेडिएटरात पाणी घालतात. माझं नाव सोनबा. उंबरकोंड माझं आजोळ, म्हणून हैबती मला भाचा म्हणायचा. वयाने माझ्याहून फार मोठा नव्हता, पण मामा होण्यात त्याला मोठी मौज वाटायची.

उंच, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर आणि अखंड बडबड. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खाली ओढ्याकाठी थोडं भात, दोन म्हशी. शेतात काम करतानाही तो बैलांशी, बांधाशी, उंदरांच्या बिळांशी बोलायचा. फक्त घरी गप्प असायचा, कारण घरी रंगूबाई बोलायची. असा माणूस वर्षभर गावाला नकोसा होतो आणि शिमग्यात हवाहवासा.

आमच्याकडचा शिमगा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवेलागणीला होळीभोवती माणसं जमली की एकजण फाका घालतो. फाका म्हणजे कुणाचं तरी नाव घेऊन जुळवलेल्या दोन ओळी. बाकीचे तोंडावर हात मारून बोंब ठोकतात. ज्याचं नाव घेतलं त्याने रागवायचं नाही. राग आलाच तर पुढे यावं आणि घालणाऱ्यावर उलटा फाका घालावा. लाकडांचंही तसंच. होळीसाठी कुणाची मोडकी खाट, कुंपणाचे वासे, प्रसंगी गोठ्याचं झापसुद्धा पोरं पळवतात. मालकाने शिव्या द्याव्यात, पण चौकीत जाऊ नये. सालातून एकदा गाव पोटातलं ओकतं आणि हलकं होतं.

हैबतीची एक रीत होती. पहिला फाका तो स्वतःच्या घरावर घालायचा.

“हुर्रे हो… रंगूबायची भाकर कशी? दगडावानी टणक, हैबतीचा दात पडला, गावाला आयकू आली खणक!”

आणि बायकांच्या घोळक्यातून रंगूबाई लगेच उलटायची, “हैबतीच्या जिभेला नांगर जुंपा, सारी वरकस नांगरील, हैबतीच्या हातात नांगर दिला तर बांधावर झोप काढील!” लोक हसून हसून लोळायचे. एकदा घरावर घालून झालं की मग तलाठी, मास्तर, सावकार, पुजारी, कुणाची सुटका नसायची.

आणीबाणीच्या साली तर त्याने कमालच केली. त्या वर्षी माणसं माझ्या हॉटेलात भज्यांची चव कशी आहे हेसुद्धा हळू आवाजात सांगायची. नसबंदीच्या केसेस भरायला जीप गावोगाव फिरत होती. पुरुष रानात लपायचे. होळीला हवालदार काठी घेऊन उभा होता, तरी हैबतीने घातला, “जीप आली, जीप आली, घाटाखाली लपा, ग्रामसेवक मोजतोय माणसं, सरपंचाला आधी कापा!” सरपंच कुशाबा तिथेच उभा होता. तोही हसला. हवालदाराने तोंड फिरवून मिशीत हसून घेतलं. जे वर्तमानपत्रात छापायची कुणाची छाती नव्हती ते उंबरकोंडाच्या होळीपाशी बोंबलून सांगितलं गेलं. तेव्हापासून हैबती गावाचं तोंड झाला. मला त्याचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो, तो भाग कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली. उंबरकोंडात निवडणूक म्हणजे कुशाबाच्या ओटीवर चहा. कोण कुठल्या जागेवर, हे तिथे ठरायचं आणि सगळे बिनविरोध यायचे. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतल्या श्रीपतने अर्ज भरला, तोही कुशाबाच्याच वॉर्डातून. श्रीपत बारा वर्षं मुंबईत बंदरावर क्रेनवर होता. आई सुंदराबाई इथे एकटी, आणि तिची थोरली बहीण बनुबाई गुडघे धरून खाटेवर पडलेली, म्हणून नोकरी सोडून बायकोला, ललिताला, घेऊन परत आला. बनुबाईला सवच्या गरम पाण्याच्या कुंडात दोन-चार वेळा बसवून आणलं, पण गुडघे काही वळले नाहीत. श्रीपत बोलायला शांत. “देखो सोनबाशेठ,” तो मला म्हणाला होता, “पाण्याचा नळ ओढ्याच्या अल्याड येऊन थांबला. पलीकडं यायला त्याला पंचायतीत कोणतरी ढकलनारा पायजे. बस.” बौद्धवाडी, कातकऱ्यांची घरं, वरचा धनगरवाडा आणि कुशाबावर आतून जळणारे गावातले काही, अशी बेरीज केली तर श्रीपत येत होता. बेरीज कुशाबालाही येत होती.

होळीच्या आदल्या दिवशी कुशाबा हैबतीच्या खळ्यावर गेला. “हैबती, यंदा श्रीपतचा एक होऊ दे. असा घाल की पंचमीच्या आत अर्ज काढील.” अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस रंगपंचमीचा होता. हैबती म्हणाला, “त्यात काय, घालू की.” कुशाबासारखा माणूस आपल्या खळ्यावर चालत आला, यातच तो फुगला होता.

आणि होळीला त्याने घातला.

“हुर्रे हो… होळीला यंदा लाकूड कुठलं? श्रीपताचं दार! दार जळलं, मंग काय टाकू? घरात मानसं चार!”

मी नंतर त्याला विचारलं की बाबा रे, पहिल्या ओळीवर थांबायचं होतंस, दुसरी कशाला? तर म्हणाला, “दारला चार जुळलं, भाच्या. आपसूक आलं.” उचलली जीभ लावली टाळ्याला. पण गावाला ते जुळलेलं फार आवडलं. बोंब अशी उठली की ओढ्यापलीकडे जेवायला बसलेल्या माणसांनी हातातला घास खाली ठेवला. मग तो फाका एकट्या हैबतीचा राहिला नाही. सगळे तोच ओरडायला लागले, एका ठेक्यात, ढोलावर.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला सकाळी कुशाबाचा पुतण्या सदू चार सोबती घेऊन बौद्धवाडीत गेला. कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. श्रीपतच्या दाराशी उभा राहिला आणि वितीने दार मापलं. उभं मापलं, आडवं मापलं. “बराच माल हाय,” म्हणाला, आणि हसत निघून गेला.

त्याच दुपारी सुंदराबाई मुलाला घेऊन चौकीत आली. जमादार व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता, कानाला गुलाल लागलेला. मी चहा घेऊन गेलो आणि कपबशा न्यायला म्हणून तिथेच रेंगाळलो. कुणाच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय आहे, हॉटेलवाल्याला ती लागतेच.

“अगं बाई, फाका गं तो!” जमादार म्हणाला. “मागच्या साली माझ्यावरही घातला त्याने. मी काय फासावर लटकलो?”

“तुमच्यावर घातला तवा तुमी होळीपाशी व्हते ना, सायेब?”

“होतो की.”

“उलटा घातला?”

“घातला की! माझा तर त्याच्याहून झकास झाला होता.”

“मंग तो तुमचा खेळ झाला,” सुंदराबाई म्हणाली. “आमी होळीला जात नाय. छप्पनला बौद्ध झालो तवाच होळीची लाकडं वाहायची सोडली, ढोल सोडला, सगळं सोडलं. आमाला तिथं उलटं बोलाया जागा नाय, आन आमाला ती नको बी हाय. मंग आमच्यावर घातलेला तो फाका कसा?”

जमादाराने चहा बशीत ओतला. त्याला मुद्दा कळला नाही असं नाही, त्याला उठायचा कंटाळा होता. “हे बघ, दार जाग्यावर आहे ना? कुणाला मारलं? नाही ना? आता लोकशाही परत आली, बाई. तोंडाने बोलणाऱ्याला मी आत टाकायला लागलो तर मग आणीबाणी काय वाईट होती? मी त्याला तोंडी समज देतो.” समज त्याने अशी दिली की संध्याकाळी हैबतीचा शेजारी दिसला, त्याच्याकडे निरोप धाडला, “हैबतीला सांगा, जरा जपून.”

निरोप ऐकून हैबती सकाळीच तणतणत माझ्याकडे आला. “भाच्या, आणीबाणीत माझं तोंड कुनी बंद केलं नाय आन आता ही बाय करनार? फाक्यावर तक्रार? उंबरकोंडाच्या इतिहासात झालं नाय असं!” दोन ट्रकवाले त्याच्या बाजूने माना हलवत होते. त्याला आणखी चेव आला. “गरिबाच्या हातात काय हाय? तोंड! तेवढंबी बांधा.”

मी भजी तळत होतो. तेल तापलं की मीही तापतो. म्हटलं, “मामा, मस्करी होती ना? मग इथे मला काय सांगतोस? तिच्या दारात जा आणि सांग, मस्करी होती म्हणून.”

“जातो! भितो काय कुनाला?”

आणि खरंच गेला. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि ललितानेही पुढे कधीतरी तसंच सांगितलं, म्हणून मी ते खरं धरतो.

सुंदराबाई अंगण सारवत होती. हैबती कुंपणाबाहेर उभा राहून म्हणाला, “सुंदराबाय, मस्करी व्हती गो. शिमग्याचं कोन मनावर घेतं?”

तिने हात धुतले, पदराला पुसले. “मस्करी व्हती?”

“व्हय. देवाशपथ.”

“मंग हितं म्हना.”

“काय?”

“तोच. परवा आमी पुरा आयकला नाय, ढोल वाजत व्हता. हितं ढोल नाय. मी हाय, ही सून हाय, आत माझी बहीन हाय. म्हना, आमीबी हसू.”

हैबतीला वाटलं, त्यात काय. त्याने घसा खाकरला. दार उघडंच होतं आणि दारातून बनुबाईची खाट दिसत होती. म्हातारीने कोण आलंय म्हणून मान उचलून पाहिलं आणि ओळखीचा माणूस दिसला म्हणून हसली. हैबती तिच्या हातची चिंचेची गोळी खाऊन मोठा झाला होता, गुरं राखताना. तो “होळीला यंदा लाकूड कुठलं” इथवर आला. “श्रीपताचं दार” कसंबसं म्हणाला. पुढे तोंडच चालेना. ज्याच्या जिभेला नांगर जुंपावा असं बायको म्हणायची तो माणूस भर दुपारी एका अंगणाबाहेर उभा राहून घाम पुसत होता.

“काय झालं? जुळंना?” सुंदराबाईने विचारलं.

“चुकलं,” हैबती म्हणाला. “पंचमीला होळीच्या राखेवर उभा ऱ्हातो आन सगळ्या गावादेखत मागं घेतो. नवा फाका घालतो, माझ्यावरच.”

“तिथं घालू नका. तिथं आमी आयकाया नसतो. जिथनं आमाला परत धाडलं तिथं जाऊन सांगा.” एवढं बोलून ती पुन्हा सारवायला बसली. ललिता म्हणाली, सासूने त्याला बसही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

रंगपंचमीला नाका सकाळपासून रंगात न्हालेला. शाळेत निवडणुकीचा अधिकारी टेबल मांडून बसला होता, अर्ज मागे घेणारे येत-जात होते. मी रंगाला भिऊन गल्ल्यामागे बसलो होतो. इतक्यात हैबती आला, कोरडा ठणठणीत, त्याच्या अंगावर रंगाचा ठिपका नाही. माझ्याकडे न बघता सरळ चौकीच्या पायऱ्या चढला. मी भज्यांचा झारा ठेवला आणि मागोमाग गेलो.

“सायेब, माझ्यावर लिहा.”

“काय लिहू?”

“मी श्रीपतच्या घराला धमकी दिली. तो फाका नव्हता. कुशाबानं खळ्यावर येऊन सांगितलं, अर्ज काढील असा घाल. मी घातला. सदूनं जाऊन दार मापलं. लिहा.”

जमादार हसायला लागला. “अरे, आरोपीच फिर्याद द्यायला आला! हैबती, भांग चढली काय तुला?”

“पानीबी नाय प्यालो.”

“मग ऐक. दार शाबूत. माणसं शाबूत. घडलं काय? काहीच घडलं नाही. न घडलेल्याचं मी काय लिहू? आणि कुशाबाचं नाव घेतोस, साक्षीदार कोण? तुझ्या म्हशी?” हवालदारही हसला. हैबती उभाच. एवढा बोलका माणूस, पण न घडलेलं कसं सांगायचं, हे त्याला येईना. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिला, “लिहा, सायेब. मी कबूल हाय ना? मंग लिहा.” माझं डोकं तडकलं. मी म्हणालो, “जमादारसाहेब, कबूल करणाऱ्याला तरी हाकलू नका.” तर मला म्हणाला, “सोनबा, तुझी भजी करपतायत.”

तेवढ्यात शाळेच्या फाटकातून श्रीपत बाहेर पडला. इस्त्रीचा शर्ट, मुंबईची चप्पल, बोटाला शाई लागलेली. सही करून आल्यासारखा दिसत होता आणि करूनच आला होता. हैबती पायऱ्या उतरून धावला, रस्त्याच्या मधोमध त्याला गाठला.

“श्रीपत, थांब! अर्ज काढू नको. मी सांगतोय यांना सगळं. कुशाबाचं नाव घेतलं मी. आता कोन काय करनार नाय.”

“काढला, दादा,” श्रीपत म्हणाला.

“का रे? मी मागं घेतो म्हनलं ना! आईला इचार.”

“आईनं सांगितलं. तुमचं तोंड तुमच्या ताब्यात हाय, ते तुमी मागं घ्याल. पन आता ते किती तोंडात गेलंय? आन सदूचा हात? तो बिल्कुल तुमचा नाय.” तो रागाने बोलत नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होता. “काल आमी बनुमावशीला उचलून बघितलं. मी आन ललिता. मागनं दार नाय. पुढच्या दारातनं खाट सरळ निघत नाय, आडवी करावी लागते. आडवी केली की मावशी घसरते. आई म्हनाली, परत उचला. परत केलं. मावशी इचारत व्हती, कुठं न्हेताव रे मला, सवला? आमी व्हय म्हनलं. तिसऱ्या बारीला ती खुशीत हसली, तिला वाटलं खरंच निघालो. मंग मी आज सकाळी हितं आलो.”

कुशाबाची माणसं शाळेच्या भिंतीला टेकून बघत होती. एकाने गुलाल उधळला आणि “बिनविरोध!” म्हणून ओरडला, तशी बाकीच्यांनी बोंब ठोकली. श्रीपत त्यांच्या बाजूने न बघता घाटाच्या रस्त्याने गावाकडे चालायला लागला.

जमादार व्हरांड्यातून खाली आला, कमरेवर हात ठेवून. त्याचाही चेहरा मोकळा झाला होता, एक कटकट टळली म्हणून. “बघ हैबती,” तो म्हणाला, “मिटलं की नाही? तू उगाच जिवाला लावून घेतलंस. गावात शांतता आहे, काही घडलं नाही.”

हैबती त्याच्याकडे वळला. इतका हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

“घडलं, सायेब. तुमच्यासमोर घडलं. आता तरी लिहा.”

जमादाराने खिशातून विडी काढली, माझ्याकडे काडेपेटी मागितली, आणि लिहिलं काही नाही.